दोन बोटे वरची तोटी

मित्रांनो, मी एक जुनी टाकी आहे. टाकी म्हटले की तुम्हांला पाणी आठवेल; पण माझ्यातले पाणी कधी कोणी प्यायले नाही. मी एका फिरत्या दवाखान्याच्या गाडीखाली टांगलेली असे. गाडीत एक खाट, हात धुण्याचे बेसिन आणि पडद्याआड छोटा संडास होता. तिथले सगळे सांडपाणी नळीतून माझ्याकडे येई. नर्स कनकलता त्या गाडीतून तंजावरभोवतीच्या खेड्यांत फिरे, गावोगाव दोन दिवस राही आणि गरोदर बायकांना तपाशी.

माझ्याआधी तिथे दुसरी टाकी होती. १९५८ साली ओरत्तनाडूच्या वाटेवर कालव्याच्या पुलाशी ती दगडावर आपटली आणि पुढे कुठेतरी गळून पडली. ड्रायव्हर कृष्णाजी मागे जाऊन शोधून आला, पण सापडली नाही. टाकीशिवाय गाडी गावात न्यायची नाही, असा तंजावरच्या डॉक्टरांचा हुकूम होता. घाण पाणी तळ्यात गेले तर गाव आजारी पडेल. पंधरा दिवस गाडी उभीच राहिली. शेवटी कनकलता भांडी घडवणाऱ्या सदाशिवमामांकडे गेली.

"मामा, सोमवारी पापनाशमकडे निघायचं आहे. एक टाकी करून द्या."

"देतों की. किती घडे पाणी मावायला हवं?"

"पिण्याचं नव्हे, मामा. संडासाचं."

मामांचा हातोडा थांबला. "अय्यो, कनका! ह्या हातांनी देवळाचे हंडे घडवले ग!"

बरोबर आलेला कृष्णाजी हसला. "करा हो मामा. पापनाशमलाच चालली आहे ती. पाप तिथं फिटेल."

मामा हसले नाहीत. पण त्यांनी काम घेतले. मात्र गाडीखाली वाकून पाहिले नाही, की आणखी काही विचारले नाही. हाताला जे ठाऊक होते, तसे त्यांनी मला घडवले. जाड पत्रा कापला, सांधे झाळले आणि बुडापासून दोन बोटे वर तोटी बसवली. आमच्याकडे आडी महिन्यात, म्हणजे आषाढ-श्रावणात, कावेरीला गढूळ पाणी येते. म्हणून घरोघरच्या पाण्याच्या भांड्याला तोटी वर असते. गाळ खाली बसतो, स्वच्छ पाणी बाहेर येते. माझ्यातून मात्र खाली बसलेलेच बाहेर जायला हवे होते. हे त्यांच्या ध्यानात आले नाही.

मी थेंबभरही गळले नाही. डॉक्टर म्हणाले, "छान काम." माझे कौतुक तेवढेच झाले.

कृष्णाजी रोज गावाबाहेर खड्डा खणून माझी तोटी उघडी. पाणी जाई, दोन बोटे उरे. दुसऱ्या दिवशी त्यावर नवे पडे. तीन आठवड्यांत गाडीला वास येऊ लागला. कनकलताने फिनेल ओतले, कढत पाणी ओतले. वास गेला नाही. मला काही वाटत नसे. पत्र्याला काय वाटणार?

पापनाशमजवळच्या एका गावात नागलक्ष्मी नावाची बाई रांगेत उभी होती. सातवा महिना होता आणि पाय सुजले होते. गाडीच्या पायरीशी आली तशी तिला मळमळले. तिने पदर नाकाला लावला.

"अक्का, पुढच्या फेरीला येतें."

"पाय तरी दाखवून जा, नागलक्ष्मी! ही सूज चांगली नव्हे."

"नको हो. उभं राहवत नाही इथं."

रांग लांब होती. कनकलताने तिला जाऊ दिले.

पुढच्या फेरीला तिची सासू सरोजा एकटीच आली.

"बाळ राहिलं नाही," ती म्हणाली.

"आणि नागलक्ष्मी?"

"आहे. बोलत नाही."

कनकलताने पुष्कळ वेळ हात धुतले. ते पाणी माझ्यात आले. रोजच्यासारखे मी ते घेतले.

तंजावरला परतताच तिने गाडी सदाशिवमामांच्या दुकानापुढे उभी करवली आणि घडले ते सांगितले.

"टाकी गळते का?" मामांनी विचारले.

"नाही मामा. रिकामी होत नाही."

मामा पहिल्यांदाच गाडीखाली आडवे झाले. त्यांनी तोटी उघडून खाली बादली धरली. धार थांबल्यावर बोटाच्या पेराने मला वाजवले. वर आवाज पोकळ आला, बुडाशी भरलेला. 

"मी बघितलं नाही, कनका," ते म्हणाले. "घाणीचं काम म्हणून बघितलं नाही."

त्यांनी मला काढले, स्वतः खांद्यावर घेऊन गावाबाहेर नेले आणि देवळाचे हंडे घडवणाऱ्या त्याच हातांनी चुना लावून आतून घासले. मग बूड उतरते केले आणि अगदी तळाला तोटी बसवली. त्यानंतर गाडी परतली की ते न बोलावता येत, खाली वाकत आणि मला वाजवून पाहत.

दोन वर्षांनी नागलक्ष्मी पुन्हा गरोदर असताना आली. पायरी चढून आत बसली आणि तिने पाय पुढे केले. कनकलताने घोट्यावर अंगठा दाबला. खड्डा पडला नाही; सूज नव्हती.  कनकलताने हात धुतले. संध्याकाळी कृष्णाजीने तोटी उघडली आणि सगळे पाणी गेले.

१९६७ साली गाडी मोडीत निघाली. आता मी मामांच्या दुकानामागे आहे. मित्रांनो, कोणाची घाण वाहणारी वस्तू घडवाल, तेव्हाही खाली वाकून बघा. आणि कोणी रिकामे आहे असे वाटले, तरी एकदा बुडाशी वाजवून पाहा.