गंजीतला श्वास

कापसाच्या गंजीत माइक पुरायची कल्पना आकांक्षाची, पण प्रत्यक्ष पुरला तो कैलासभाऊंनी. खांद्यापर्यंत हात आत घालून, चाचपत चाचपत, त्यांनी तो बोटाएवढा माइक खोल नेऊन ठेवला. मग हात बाहेर काढून बाहीला चिकटलेला कापूस झटकत म्हणाले, "झोपला पाह्य थो आता. आयक काय आयकाचं थे."

हिंगणघाटच्या त्या जिनिंगच्या आवारात जानेवारीच्या दुपारी चार-पाच गंज्या उभ्या होत्या, एकेक दुमजली घराएवढी. मालक प्रभाकरराव आकांक्षाच्या वडिलांच्या ओळखीचे. परवानगी देताना ते हसले होते. "कापसाचा काय आवाज असते, पोरी?" तरी त्यांनी कैलासभाऊंना तिच्यासोबत दिलं. कैलासभाऊ गंजीवरचे जुने माणूस.

आकांक्षा आवाजाचं काम करायची. पुण्यात शिकून ती सिंदी मेघेला परत आली होती आणि वरच्या खोलीत बसून चित्रपटांना, मालिकांना आवाज चढवायची. या वेळचं काम मोठं होतं. नऊ भागांची ॲनिमेशन मालिका, प्रत्येक भागात वेगळी विज्ञानकथा. त्यातला एक भाग नागपूरचा अश्वजित करत होता. गुरूच्या एका चंद्रावर बर्फाच्या भुग्याखाली एक शास्त्रज्ञ बाई गाडली जाते. बराच वेळ पडदा नुसता काळा, आणि जे काही आहे ते आवाजात.

"तिला आत काय ऐकू येतं, ते मला पाहिजे," अश्वजित म्हणाला होता. "आणि तिचा श्वास. तोच खरा प्रॉब्लेम आहे." नागपूर-मुंबईच्या आवाज देणाऱ्या मुलींनी तो श्वास करून पाहिला होता. दर वेळी अश्वजित मान हलवायचा. नाटकी वाटतो म्हणायचा.

श्वासाचं आकांक्षाला काही सुचलं नव्हतं. आतल्या शांततेचं मात्र सुचलं. लहानपणी कापसाच्या ढिगात डोकं खुपसलं की जग कसं एकदम लांब जातं, ते तिला आठवलं. आणि खरंच, हेडफोन लावल्यावर जिनिंगची धडधड तळघरातून यावी तशी दबून येत होती. तिनं मनासारखं रेकॉर्डिंग केलं आणि हात वर करून कैलासभाऊंना खूण केली, झालं म्हणून.

ते माइक काढायला गेले. खालून कापूस ओढून ओढून गंजीला तिथं गुहेसारखं पोट पडलं होतं. ते वाकून आत शिरले. हेडफोन अजून तिच्या कानावरच होते, रेकॉर्डरही चालूच होता. त्यांच्या हाताची खसखस जवळ येताना तिला ऐकू आली. त्याच वेळी पलीकडच्या बाजूनं त्याच गंजीवर ट्रॅक्टरची ट्रॉली रिकामी होत होती.

मग कानात एकच दबका आवाज झाला, जड दार लावल्यासारखा.

तिनं मान वर केली. कैलासभाऊ जिथं होते तिथं पांढरं होतं. वरचा सगळा भार खाली घसरून पायथ्याशी पसरला होता. तिच्या खांद्यावरच्या रेकॉर्डरमधून निघालेली काळी वायर त्या पांढऱ्यात शिरून नाहीशी झाली होती.

ती ओरडली. यंत्रांच्या आवाजात ते कुणालाच ऐकू गेलं नाही. लोडरवरच्या गजेंद्रनं तिचे हवेत हलणारे हात पाहिले आणि तो उडी मारून धावत आला.

"कैलासभाऊ आत हायेत!"

"कुठी आत?"

तिनं बोट दाखवलं. कुठे दाखवावं तेही तिला कळेना, कारण गंजीचा आकारच बदलला होता. गजेंद्र वळून लोडरकडे पळाला. आणि तेवढ्यात तिच्या कानात कुणीतरी श्वास घेतला.

आखूड, अडकलेला श्वास. मग खोकला. मग अगदी जवळून, ओठ माइकला लागावेत इतक्या जवळून, कैलासभाऊंचा आवाज आला.

"ताई. आयकून राह्यली का? मी वायरपाशीच हाओ."

ती "हो, हो" म्हणाली, पण ते त्यांना ऐकू जाणार नव्हतं. वायर एकाच दिशेनं बोलत होती.

लोडर सुरू झाला. ती त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. "लोडर नको! दबून जातीन ते! हातानं काढा. जिते हायेत, मी आयकून राह्यले!"

गजेंद्र खाली उतरला. प्रभाकरराव वजनकाट्याच्या ऑफिसातून अनवाणी धावत आले आणि त्यांनी यंत्रं बंद करायला लावली. धडधड थांबली तशी सगळ्या आवारात सुन्न शांतता पसरली. बायामाणसं टोपली घेऊन धावली. कुणीतरी वायर ओढायला हात घातला.

"ओढू नका! वायर धरून चला, ओढू नका. तिच्या टोकाशीच हायेत ते."

कापूस उपसायला सोपा वाटतो. पण एक टोपलं काढलं की वरून दोन टोपली घसरत होती. शेवटी गजेंद्रनं दोन फळ्या आणून वरचा भार अडवला. आकांक्षा मात्र कापसाला हात लावू शकत नव्हती. तिचं काम एकच, ऐकायचं. टोपल्यांची खरखर माइकमधून तिला ऐकू येत होती, कधी जवळ, कधी लांब.

"डावीकडे सरका. नाई, जास्त झालं. हं, तिथंच. तिथंच खाली."

कानातला श्वास विरळ होत चालला होता. एक श्वास झाला की दुसरा येईपर्यंत ती स्वतःचा रोखून धरायची. कैलासभाऊ मध्येच पुटपुटत होते. आता ते तिच्याशी बोलत नव्हते.

"नलू... डबा राह्यला वं घरी. रागानं नाई ठेवला. खरंच राह्यला."

मग बराच वेळ काहीच नाही.

"लवकर करा!" ती किंचाळली. "आवाज बंद झाला त्यायचा!"

गजेंद्र छातीपर्यंत आत घुसला. आधी त्याच्या हाताला एक चप्पल लागली आणि मग पाय. चौघांनी धरून ओढलं तेव्हा कैलासभाऊंचं तोंड निळसर पडलं होतं, नाकातोंडात कापसाचे तंतू होते, आणि मुठीत तो माइक घट्ट धरलेला होता. प्रभाकररावांनी बोटानं तोंड साफ केलं, पाठीवर थाप मारली. खोकल्याची उबळ आली. ती आकांक्षाला हेडफोनमधूनही ऐकू आली आणि बाहेरूनही. तेव्हा कुठे तिनं हेडफोन काढले आणि ती मातीतच बसली.

दवाखान्यात कळलं की बरगड्यांना मार आहे, बाकी धोका टळला.

त्या संध्याकाळी घरी येऊन तिनं रेकॉर्डर नेहमीसारखा कॉम्प्युटरला जोडला आणि ती तशीच झोपून गेली. त्या जोडणीतून सगळं आपोआप नागपूरच्या स्टुडिओत जात असे. हे तिच्या लक्षातच आलं नाही. सकाळी अश्वजितचा फोन आला तेव्हा आलं.

"आकांक्षा, कोण आहे हा ॲक्टर? अंगावर काटा आला यार! आवाज थोडा बारीक केला की बाईचा वाटेल. शब्द काढून टाकू, नुसता श्वास ठेवू."

"तो ॲक्टर नाहीये," ती म्हणाली आणि तिनं काय झालं ते सांगितलं.

अश्वजित माणूस वाईट नव्हता. त्यानं आधी विचारलं, ते कसे आहेत आता, काही मदत हवी का. पण थोड्या वेळानं त्याचा सूर हळूच बदलला. "मग ते ठीक आहेत तर... बघ, आपण पडद्यामागच्या गोष्टींचा एक व्हिडिओ करतोय. प्रत्येक भागाची एकेक गंमत. खऱ्या माणसाचा, खऱ्या ढिगाखालचा, खरा श्वास! लोक विसरणार नाहीत. मी भागाच्या कच्च्या मिक्समध्ये टाकलासुद्धा."

"काढ तो."

"आधी त्यांना विचारून तर बघ. शुक्रवारी भाग लॉक होतोय, मग काही बदलता येणार नाही. तू नाही विचारलंस तर मी येऊन विचारतो."

ते तिला नको होतं. अश्वजित गोड बोलून कुणाकडूनही हो म्हणवून घ्यायचा. गुरुवारी दुपारी ती स्वतःच हिंगणघाटला कैलासभाऊंच्या घरी गेली.

कैलासभाऊ भिंतीला टेकून खाटेवर बसले होते, छातीला पट्टा. त्यांच्या बायकोनं, नलूवहिनींनी, चहा ठेवला, पण त्या आकांक्षाच्या डोळ्याला डोळा देत नव्हत्या. गावात सगळे म्हणत होते, पोरीनं जीव वाचवला. वहिनींच्या मनात दुसरंही असावं. तिचा माइक नसता तर ते त्या पोटात शिरलेच कशाला असते? आकांक्षालाही तोच प्रश्न रात्रंदिवस खात होता.

तिनं काही न लपवता सांगितलं. रेकॉर्डिंग नागपूरला गेलंय, बर्फाखाली गाडल्या गेलेल्या एका बाईच्या गोष्टीत त्यांना ते वापरायचंय, आणि तुम्ही नाही म्हणालात तर ते पुसून टाकायला लावायची जबाबदारी माझी.

कैलासभाऊ छताकडे पाहत राहिले. "मले तर काहीच आठवत नाई, ताई. काय बोललो मी?"

आकांक्षा अडखळली. वहिनींनी ते पाहिलं.

"काऊन चूप झाली? काय बोलले हे?" त्या पुढे आल्या. "लाव. मले आयकाचं हाय."

"वहिनी, नका ऐकू. ते..."

"माहा नवरा मरून राह्यला होता अन् थे तू आयकलं, नागपूरच्या लोकायनं आयकलं. मीच तेवढी नाई आयकू?"

आकांक्षानं हेडफोन त्यांच्या कानावर ठेवले. वहिनी जमिनीवर बसल्या, पदर मुठीत धरून. खोलीत काहीच ऐकू येत नव्हतं. आकांक्षा त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखत होती, आता खोकला आला, आता "ताई" म्हणाले, आता टोपल्यांची खरखर. वहिनींचा श्वास वर-खाली होऊ लागला. कानातल्या श्वासाबरोबर त्यांचाही अडकत होता. मग त्यांनी तोंडावर हात ठेवला.

हेडफोन काढून त्या नवऱ्याकडे पाहत राहिल्या. "त्या दिवशी आपलं भांडण झालतं. कारंजाले भावाकडं लग्नाले जाचं म्हनलं, तर हे सुट्टी नाई म्हने. डबा तसाच ठेवून गेले. मी म्हनलं, ऱ्हाय उपाशी. मले वाटलं, त्यायच्यासाठी हेच माहे शेवटचे शब्द झाले असते." त्यांनी हेडफोन खाली ठेवले. "अन् हे आत सांगून राह्यले होते, रागानं नाई ठेवला म्हनून."

कैलासभाऊ खाली मान घालून म्हणाले, "खरंच राह्यला होता वं."

चहा थंड झाला.

"हे कोनाले द्याचं नाई," वहिनी शेवटी म्हणाल्या. "हे माहं हाय. मले मोबाइलमंदी टाकून दे, अन् नागपूरचं पुसून टाक."

"टाकते, वहिनी." तिनं तिथूनच अश्वजितला फोन लावला. तो वाद घालू लागला तेव्हा ती म्हणाली, "तू पुसलं नाहीस तर मी माझा एकही आवाज या भागात राहू देणार नाही." पलीकडे चडफडल्याचा आवाज आला. मग कीबोर्डची टकटक. "पुसलं. आता उद्या काळ्या पडद्यावर काय लावू, ते तूच सांग."

फोन स्पीकरवर होता, म्हणून वहिनींनी ते ऐकलं. "थे गोष्टीतली बाई हाय ना? गाडली गेलेली?"

"हो."

"तिले माहीत असते का, वर कोनी आयकून राह्यलं का नाई?"

"नाही."

वहिनी उठल्या. पेटीवरची जड रजई त्यांनी ओढली. "लाव तुहा माइक. यायचा नाई, माहा श्वास घे."

"वहिनी, तुम्हाला त्रास होईल."

"आता का कमी होऊन राह्यला?"

त्या जमिनीवर आडव्या झाल्या आणि त्यांनी रजई डोक्यावरून घेतली. आकांक्षानं माइक आत सरकवला, हेडफोन लावले. आधी नुसता साधा श्वास. मग तो बदलला. नाटक नव्हतं त्यात. नुकतंच जे ऐकलं होतं ते वहिनी स्वतःच्या छातीत घेत होत्या. श्वास आखूड झाला, अडकला, पुन्हा सुटला. एक हुंदका मध्येच दाबला गेला. मग काहीच नाही. आकांक्षा वाट पाहत राहिली. काहीच नाही. रजई हलत नव्हती.

"नलू?" कैलासभाऊ म्हणाले.

उत्तर नाही.

"नलू!" बरगड्यांची पर्वा न करता ते खाटेवरून उतरले आणि दोन्ही हातांनी रजई ओढून त्यांनी फेकून दिली. वहिनी डोळे उघडून, ओल्या गालांनी, मोठ्यानं हवा आत घेत होत्या.

"जित्ती हाओ मी," त्या म्हणाल्या.

"असं कराचं नाई कधी," कैलासभाऊ म्हणाले आणि कळ येऊन तिथंच बसले. वहिनींनी त्यांना धरलं.

शुक्रवारी भाग लॉक झाला. अश्वजितनं तो श्वास एकदाच ऐकला आणि दुसरं काही मागितलं नाही. रजई ओढल्याचा तो 'भस्स' आवाजही त्यानं ठेवला. बर्फ फोडून हात आत येतो, त्या जागी तोच वाजतो. व्हिडिओसाठी मात्र आकांक्षानं एवढंच सांगितलं की आतली शांतता हिंगणघाटच्या कापसातली आहे आणि श्वास एका घरातल्या रजईखालचा. कुणाचा आणि का, ते सांगितलं नाही. नामावलीत 'श्वास : नलू' एवढं आलं.

मालिका आली तेव्हा आकांक्षानं दोघांना सिंदी मेघेला बोलावलं. खोलीत अंधार केला. पडदा काळा झाला आणि तो श्वास सुरू झाला, तसे कैलासभाऊ उठून बाहेर जिन्यात जाऊन उभे राहिले. वहिनी बसून राहिल्या, पण डोळे गच्च मिटून. बर्फ फुटला, उजेड आला, तरी त्यांनी ते उघडले नाहीत.

"काहाडलं का तिले?" त्यांनी विचारलं.

"हो, वहिनी. काढलं."

मग त्यांनी डोळे उघडले, पडद्यावरच्या त्या चितारलेल्या बाईकडे थोडा वेळ पाहिलं आणि जिन्याकडे वळून हाक मारली, "या आता अंदर. निंघाली थे."