रवी आणि साखळ्या

शमशाद मुल्लाणी चिडली की प्रयोगशाळेतला स्पिरिटचा दिवा काडी न लावता पेटायचा, असं कोल्हापुरात अजून सांगतात. चौऱ्याहत्तर साली तर ती सहा महिने सलग चिडलेली होती. पॉलिमरचं पातळ द्रावण बारीक नळीतून उतरायला किती सेकंद लागतात, हे ती मोजायची. रेणूंच्या साखळ्या लांब असल्या की वेळ जास्त. पण आकडे रोज वेगळे येत, आणि शेवटी तिचे मार्गदर्शक पाटणकर सर म्हणाले, "तुला मोजताच येत नाही. शनिवारी संशोधनातून तुझं नाव कमी करतो."

शुक्रवारी ती लवकर आली, तर शिपाई जोतीराम तिच्या बरणीत रवी फिरवत होता.

"हे काय चाललंय?"

"लवकर विरघळत न्हाय की, ताई. तुमी आठ-आठ दिस वाट बघताय. दिवाळीपासनं रोज जरा घुसळतोय."

"अहो, साखळ्या तुटतात त्यानं!"

"तरीच लोणी येत न्हाय."

तिनं त्याला रवीसकट सरांच्या खोलीत नेलं. न घुसळलेली बरणी टेबलावर आदळली. "सर, मोजा."

सरांनी मोजलं. एकशे ब्याऐंशी सेकंद.

"जोतीरामदादा, घुसळा."

अर्ध्या तासानं सरांनीच पुन्हा मोजलं. एकशे एकवीस.

"बरं, नाव राहू दे," सर म्हणाले.

"ते राहणारच. आता माफी मागा. दादांच्या समोर."

सरांनी पुटपुटत मागितली. शमशादनं ती परत, मोठ्यानं मागायला लावली.