रेषेपलीकडचं दुसऱ्या पानावर

या शहरात पुढे जी रेल्वे धावणार आहे, ती सध्या आमच्या कचेरीत कागदावर धावते. निळी मार्गिका माझ्या दादाकडे, लाल मार्गिका धाकट्या भावाकडे. मी मधली, घरातही आणि इथेही. दोन मार्गिका भेटतात तिथे माणूस एका गाडीतून उतरून दुसरीत कसा जाईल, ते पाहणं हे माझं काम. कचेरीत त्या दोघांना निळेसाहेब आणि लालसाहेब म्हणतात. मला काय म्हणतात ते माझ्या तोंडावर अजून कुणी बोललेलं नाही.

निळेसाहेब आणि लालसाहेब एकमेकांशी बोलत नाहीत. बाबा गेल्यावर आई कुणाकडे राहणार यावरून दोघांत वाजलं, नको ते बोलून झालं आणि शब्द मागे कुणीच घेतले नाहीत. तेव्हापासून आई एक महिना याच्याकडे, एक महिना त्याच्याकडे. एकमेकांच्या दारात पाऊल ठेवायचं नाही, म्हणून अदलाबदल कचेरीत होते. दुपारी एक जण तिला पिशवीसकट खालच्या दालनातल्या बाकावर आणून बसवतो, कचेरी सुटली की दुसरा घेऊन जातो. माझी भाड्याची खोली चौथ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. आईच्या गुडघ्यांनी ती केव्हाच नापास केली.

त्या दिवशी अदलाबदल होती आणि नेमकी मोठ्या स्टेशनाची बैठकही होती. शहरातलं सगळ्यात गर्दीचं स्टेशन तेच होणार. निळी गाडी खांबांवरून येणार, लाल गाडी जमिनीखालून.

आमच्याकडे एक शिस्त आहे. प्रत्येकाच्या कागदाच्या कडेला एक तुटक रेषा असते. तिच्यापलीकडे आपण पेन्सिल न्यायची नाही. तिथे 'पुढील भाग दुसऱ्या पानावर पाहा' एवढंच लिहायचं. एरवी शेजारशेजारचे दोघे चहा पिता पिता आपापल्या रेषा जुळवून घेतात. या दोघांनी चहाच सोडलेला. मी दोन्ही कागद काचेच्या टेबलावर कडेला कडा लावून ठेवले, तर कडा जुळेनात. मधला रस्ता दोघांच्याही कागदावर नव्हता.

बैठकीत मुख्य बाईंनी साधाच प्रश्न विचारला. "निळ्या गाडीतून उतरलेला माणूस लाल गाडीत कसा जातो?"

"माझ्या कागदावर तो रेषेपर्यंत व्यवस्थित पोचतो," दादा म्हणाला.

"माझ्या कागदावर तो रेषेपासून व्यवस्थित पुढे जातो," धाकटा खिडकीकडे बघत म्हणाला.

"आणि मध्ये?"

दोघे आपापल्या कागदात बघू लागले. माझं डोकं तडकलं. "मध्ये तो रस्त्यावर उभा आहे, बाई. डोक्यावर पूल नाही, पायाखाली भुयार नाही, हातात सामान आहे. आणि दोन्ही कागद त्याला सांगतायत, तिकडे बघ."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हा रस्ता कुणाचा, ते मला उद्या सकाळी कळलं पाहिजे."

दोघे दोन दारांनी निघून गेले. मी कागदांची गुंडाळी केली, टेबल आवरलं आणि खाली आले. दालन रिकामं झालं होतं. पहारेकरी एकेक दिवा मालवत होता, आणि बाकावर आई बसली होती. मांडीवर पिशवी, खांद्यावर दादाचा कोट.

"आई! तू अजून इथेच?"

"दुपारी गार वाटत होतं, तर दादाने आपला कोट माझ्या खांद्यावर टाकला. म्हणाला, छोट्या येईलच. मग छोट्या आला, पण दारातूनच बघून परत गेला. कोट बघून त्याला वाटलं असेल, दादा इथेच कुठेतरी आहे."

"आणि तू हाक नाही मारलीस?"

"मारली असती. पण त्या क्षणी मलाच कळेना, आज मी नेमकी कुणाकडे आहे."

"चल, माझ्याकडे चल. जिना आपण बसत बसत चढू."

"नको गं. आणखी एक स्टेशन कशाला?"

ती हसत होती. मला मात्र हसू येईना. मी दोघांना फोन लावले आणि दोघांना एकच वाक्य सांगितलं, "आई इथेच बसलीय, ये."

दोघे धापा टाकत दोन दारांनी आत आले आणि बाकाच्या दोन बाजूंना थबकले. दादाचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"याला सांग," धाकटा माझ्याकडे बघून म्हणाला, "की मला वाटलं आज रागाच्या भरात तोच तिला परत नेतोय."

"मी कुणाला काही सांगणार नाही. तो समोर उभा आहे. तोंड आहे ना तुला?"

आई बाकावरून उठली नाही. मग दादाची नजर माझ्या काखेतल्या गुंडाळीवर गेली.

"तो रस्ता," तो खाकरून धाकट्याला म्हणाला, "तुझ्याकडून पूल आला, तर माझ्या खांबाला टेकेल."

"तुझा फलाट फार उंच आहे, दादा. नुसता जिना नाही चालायचा. लिफ्टच लागेल."

किती वर्षांनी ऐकला मी त्याच्या तोंडून 'दादा'! पहारेकऱ्याच्या टेबलावर कागद पसरले गेले. पाचच मिनिटांत दोघांची डोकी एकमेकांना लागली. दादाने स्वतःच्या हाताने कडेचं 'दुसऱ्या पानावर पाहा' खोडलं, धाकट्याची पेन्सिल सरळ रेषा ओलांडून दादाच्या कागदात शिरली, आणि दादा तिला काही बोलला नाही. मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले.

आणि मग माझ्या लक्षात आलं की दोघेही आमच्याकडे पाठ करून उभे आहेत. पिशवी अजून आईच्याच मांडीवर होती. ते पुलाला सरकता जिना कुठे बसवायचा यावर हुज्जत घालत होते.

माझं पुन्हा डोकं फिरलं. "अरे, पण आईचं काय—" म्हणत मी पुढे निघाले, तेवढ्यात आईने माझं मनगट धरलं आणि मला बाकावर खाली ओढलं.

"बोलतायत ना?" ती हळूच म्हणाली. "बोलू दे गं. मला कुठे गाडी पकडायचीय?"