बसलेला आवाज

बाळासो म्हणजे कुस्ती मैदानाचे निवेदक. कुठल्याही गावची जत्रा असो, हातात माईक आला की त्यांचा आवाज पार शिवाराच्या टोकाला जायचा आणि पैलवान भिडायच्या आधीच माणसं शिट्ट्या मारायला लागायची. उभं आयुष्य त्यातच गेलं. अडचण एवढीच, की असला आवाज घरी येताना चपलांसारखा दाराशी काढून ठेवता येत नाही. त्यांनी चहा मागितला की शेजारच्या गल्लीला कळायचं. बायको, शालन, म्हणायची, जरा हळू बोला की ओ. हळूच बोलतोय, असं ते ओरडूनच सांगायचे. जत्रा संपली की आवाज बसायचा, मग ती ज्येष्ठमधाचा काढा करून द्यायची, आणि दोन दिवसांनी घर पुन्हा दणाणायला लागायचं.

गेल्या साली शालन गेली. लांबलेलं दुखणं, डायलिसिसच्या फेऱ्या, आणि एका दुपारी सगळं संपलं. त्यानंतर या बाबाला कविता लिहायची बुद्धी झाली. आता साठीच्या माणसानं हे करावं का? करावं की, कुणाच्या बापाचं काय जातंय. कविता एकच, पण महिनोन्‌महिने तिच्यावरच बसलेले. शब्द काढ, ओळ तोड, मधे जागा सोड. कागदावर आपल्याला हळू बोलता येतंय, हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. मुलगी मोना ती वाचून मोरीत गेली, तोंड धुऊन आली.

मोनानं हे मावशीच्या कानावर घातलं. चिमणाबाई, शालनची धाकटी बहीण, कसबा बावड्यात राहायची. दुखण्यात शालनचं हगणंमुतणं तिनंच काढलं होतं. तिला अक्षरओळख नव्हती. मोना वाचून दाखवते म्हणाली, तर बाईनं साफ सांगितलं, ज्यानं लिहिलंय त्यानंच ऐकवावं. शालनला आयुष्यभर जे ऐकायचं होतं ते या माणसाच्या तोंडून निघतंय का, एवढंच तिला बघायचं होतं. बाळासो कविता खिशात घेऊन तिच्याकडं जायचे, चहा प्यायचे, म्हशीची चौकशी करायचे आणि परत यायचे. समोरासमोर तोंडच उघडेना.

अशात विश्वजित भेटला. हा पोरगा बावड्यातल्या एका कॅफेच्या गच्चीवर कवितांचे कार्यक्रम ठेवायचा. स्पोकन वर्ड म्हणायचा त्याला. बाळासोंच्या कवितेचं कानावर आल्यावर त्यानं ती म्हणायची गळ घातली, पण अट घातली की कागद चालणार नाही, पाठ करून या, कागद दिसला की लोक मोबाईल काढतात. बाळासोंना वाटलं, बरं झालं. माईक हातात असला की आपल्याला कुणाची भीती नाही. चिमणीला तिथंच बोलवू, एका दमात ऐकवून मोकळे होऊ. एवढी मैदानं गाजवलेला माणूस, पण हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही, की ज्या माईकनं भीती जाते त्याच माईकनं गळा पुन्हा मैदानातला होतो.

त्या संध्याकाळी गच्ची भरलेली. चिमणाबाई नवं लुगडं नेसून पुढच्या खुर्चीत, मोना तिच्या शेजारी. बाळासो उभे राहिले. पहिली ओळ त्यांनी खरंच जपून म्हटली, 'तू भिंतीला ऐकू जाईल एवढंच बोलायचीस.' मागून कुणीतरी ओरडलं, आवाज वाढवा. झालं. छाती आपोआप फुगली, हात वर गेला, आणि 'मी मैदानाला' ही दुसरी ओळ अशी सुटली, की खाली रस्त्यावरची माणसं वर बघायला लागली. शिट्ट्या पडल्या. टाळ्या आल्या की थांबायचं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं, म्हणून ते थांबले. कागदावर जिथं त्यांनी जागा मोकळी सोडली होती तिथं टाळ्या घुसल्या. शेवटची ओळ, 'आता मी भिंतीशी बोलतो. हळू.' तीही त्यांनी निकाली कुस्ती पुकारावी तशी पुकारली. गच्ची उभी राहिली. विश्वजितनं मिठी मारली. बाळासोंना त्या मिठीची लाज वाटली.

चिमणाबाई टाळी न वाजवता उठली. जिन्याशी ते आडवे आले, तेव्हा ती म्हणाली, "दाजी, ह्या आवाजाला तर ती आयुष्यभर दचकत आली की."

त्यानंतर बाळासो कार्यक्रमाला गेले नाहीत. विश्वजितचे फोन येत राहिले, व्हिडिओ गाजतोय म्हणाला. ते बरं म्हणायचे आणि ठेवून द्यायचे. फार थकले होते. गळ्याचाच कंटाळा आला होता त्यांना. पण कोडोलीचं मैदान आधीच ठरलेलं, ते करावं लागलं. दुसऱ्या दिवशी आवाज पार बसला. घरी काढा करणारं कुणी नाही. मोना कामावर गेलेली. मग ते चिमणाबाईकडं गेले आणि खुणेनंच गळा दाखवला.

तिनं पातेल्यात पाणी घेतलं, ज्येष्ठमध टाकलं, शेगडीवर ठेवलं. गॅस मात्र पेटवला नाही. बाळासो बघत राहिले.

"शालीबी असाच उशीर करायची," ती म्हणाली. "तुमचा आवाज बसला की ज्येष्ठमध सापडंना म्हणायची. डबा समोर असायचा. मला म्हणली, चिमणे, ह्या दोन दिसातच माझा नवरा माझ्यासंगं बोलतोय बघ."

बाळासो खाली बसले. असल्या दोन-दोन दिवसांत घर लवकर दणाणावं म्हणून त्यांनी किती घाई केली होती, तिला वेंधळी म्हणून किती बोलले होते, तेही खरखरत्या आवाजात. सगळं आठवलं आणि रडू आलं. रडण्यालाही आवाज नव्हता.

मग त्यांनी खिशातला कागद काढला. घशातून निघेल तेवढ्या आवाजात वाचायला लागले. 'मी मैदानाला' हे ऐकायला चिमणाबाईला पुढं सरकावं लागलं. जिथं जागा सोडली होती तिथं ते थांबले, आणि या खेपेला तिथं कुणी आलं नाही. वाचून झाल्यावर ती पदर डोळ्याला लावून म्हणाली, आणि एकदा वाचा.

त्यांनी पुन्हा वाचली. काढा काही मागितला नाही.