समलंबाची सुनावणी

आमच्या ग्रंथालयाच्या संदर्भ विभागातली पुस्तकं घरी नेता येत नाहीत, म्हणून विद्वानांनाही इथवर यायची तसदी घ्यावी लागते. त्या दिवशी तिघे आले. आक्षेप समिती म्हणे. शिक्षकभरतीच्या गणिताच्या पेपरावर कुणीतरी आक्षेप घेतला होता, आणि त्याचा निवाडा माझ्या खोलीतल्या लांब टेबलावर व्हायचा होता. ते 'कुणीतरी' म्हणजे माझ्या धाकट्या भावाची बायको, हे मी त्यांना सांगितलं नाही. माझं काम पुस्तकं काढून द्यायचं, तेवढं मी करणार होते.

भावजय कित्येक वर्षं हंगामी शिक्षिका आहे. हंगामी म्हणजे काम बारमाही आणि पगार सुट्टी लागेपर्यंत. वयाची अट आडवी येत असल्यामुळे ही तिची शेवटची परीक्षा होती. निवडयादीतल्या शेवटच्या मुलीपेक्षा हिला एक गुण कमी पडला, आणि तो गेला एका प्रश्नावर: समांतरभुज चौकोन हा समलंब चौकोन असतो का? हिने 'होय'चा गोल काळा केला. उत्तरसूचीत होतं 'नाही', आणि त्या मुलीनेही 'नाही'च केलं होतं. सूची सुधारली असती तर हिचा एक वाढला असता, तिचा एक घटला असता आणि कायमची नोकरी हिची झाली असती.

तसं बघितलं तर भांडण एवढंसं. समलंब चौकोनाला समांतर बाजूंची निदान एक जोडी लागते असं म्हटलं, तर समांतरभुज चौकोन त्यात बसतो. एकच जोडी हवी म्हटलं, तर बसत नाही. जगात दोन्ही म्हणणारे आहेत, आणि म्हणून तर परीक्षेच्या जाहिरातीत संदर्भग्रंथाचं नाव छापून दिलं होतं. तो ग्रंथ म्हणजे समितीच्या अध्यक्षांनीच केलेला गणिताचा परिभाषाकोश. आम्ही त्यांना कोशकार म्हणतो. ते स्वतःला याहून बरंच काही म्हणतात.

मी कोश काढून पान उघडलं. 'निदान एक जोडी.' स्वच्छ छापलेलं. मला वाटलं, चला, चहा यायच्या आत उरकलं.

कोशकारांनी चष्मा पुसला आणि पिशवीतून कोरा करकरीत दुसरा कोश काढला. सुधारित आवृत्ती. तिच्यात 'एकच जोडी' होतं. शेजारी बसलेल्या पेपर काढणाऱ्या गृहस्थांनी लगेच सांगितलं की प्रश्न त्यांनी याच आवृत्तीवरून काढला. ते कोशकारांचे जुने विद्यार्थी. तिसरे मान हलवायला आणलेले होते आणि ती ते मनापासून हलवत होते. त्यांना आम्ही होयबा म्हणतो.

मी पहिलं पान उलटून प्रकाशनाची तारीख दाखवली. पेपर झाला तेव्हा हे पुस्तक छापखान्यातून बाहेरही आलं नव्हतं. म्हणजे प्रश्न काढणाऱ्याने गुरूच्या घरी बसून कच्ची छपाई वाचली, आणि बाहेरच्या हजारो पोरींनी ती स्वप्नात वाचायची होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण आवाज मी खालीच ठेवला. व्याख्या का बदलली, एवढंच विचारलं.

"सुधारित आवृत्ती आहे, बाई," कोशकार म्हणाले. "काहीतरी सुधारायला नको?"

होयबांनी मान हलवली.

मग ठरलं की इतर ग्रंथही बघावेत. मी कपाटातले होते नव्हते तेवढे शब्दकोश, ज्ञानकोश, मार्गदर्शकं टेबलावर आणून टाकली. जे पुस्तक उघडावं त्यात 'निदान एक जोडी'. शब्द तेच, उदाहरण तेच, आकृतीही तीच. कोशकारांच्या जुन्या आवृत्तीत त्या आकृतीचा डावा कोपरा छापताना तुटला होता. तो तुटका कोपरा पुस्तकामागून पुस्तकात तसाच्या तसा उतरला होता. इतक्या संपादकांनी, इतक्या सल्लागार मंडळांनी मिळून एक रेघ सांधली नव्हती. नाकाने कांदे सोलणाऱ्या या मंडळींची ही विद्या.

कोशकारांना राग येईल असं मला वाटलं. छे हो, ते फुलून गेले. आकृतीवरून बोट फिरवत, ही माझी, हीसुद्धा माझी, असं सांगत बसले. आणि फुलून झाल्यावर निर्णय दिला. सगळी पुस्तकं त्यांचीच नक्कल, तेव्हा ती सगळी मिळून एक संदर्भ. नवी आवृत्ती हा दुसरा. एकास एक. वाद समसमान, सबब प्रश्न रद्द आणि सगळ्यांना एक गुण. प्रश्नवाल्यांची चूक झाकली गेली, गुरूंची नवी आवृत्ती वाचली, होयबांची मान मोकळी झाली. जाताना कोशकारांनी नवा कोश ग्रंथालयाला भेट दिला आणि दर्शनी भागात ठेवा म्हणाले.

घरी पोचले तर भाऊ केक घेऊन आलेला. निर्णय त्याला फोनवर कळला होता. आईला गुण मिळाला, म्हणून पोरं नाचत होती. माझा भाऊ भोळा सांब आहे, त्याला वाटलं एक गुण कमी होता, तो मिळाला, झालं. आता ही गोष्ट त्याच्या डोक्यात कोण घालणार? दोघींचे गुण सारखे झाले होते, आणि गुण सारखे असतील तर वयाने लहान उमेदवाराला जागा, हे जाहिरातीत पहिल्यापासून होतं. ती मुलगी हिच्याहून खूप लहान आहे.

भावजयीला काही सांगावं लागलं नाही. गणित शिकवते ती. जेवणाच्या टेबलाच्या कडेला बसून सहावीचे पेपर तपासत होती. केकचा तुकडा बशीत तसाच होता. मी शेजारी बसले. समितीतल्या तिघांना शिव्या घालायच्या म्हणून तोंड उघडलं, तर तिने एक पेपर माझ्यापुढे सरकवला. कुठल्याशा मुलीने लिहिलं होतं की समांतरभुज चौकोन समलंब नसतो, आणि खाली वेड्यावाकड्या अक्षरात चार ओळी का नसतो त्याच्या.

"वन्सं, हिला गुण देऊ?"

मी म्हटलं, "तू तर उलट शिकवलंस ना?"

"हो. पण कारण बरोबर लिहिलंय."

"मग दे."

तिने लाल पेनाने गुण दिला. मग पेन खाली ठेवलं आणि त्या चार ओळी पुन्हा वाचल्या.

"मला कारण लिहायला जागाच नव्हती हो, वन्सं," ती म्हणाली. "नुसता गोल होता."