चार नंबरचा प्रेस

“सगळे म्हणजे कोण कोण?” हेल्मेट काढता काढता सत्यभामाने विचारलं.

“सगळेच,” रिसेप्शनवरची सोनिया म्हणाली. “विश्वजीत सर, तनुजा, सगळी टीम. सकाळी आठलाच करमाडच्या फॅक्टरीत गेले. कुलूप थेट चार नंबरच्या प्रेसवरच चालवून बघू म्हणाले. ग्रुपवर मेसेज होता ना मॅडम काल रात्री?”

सत्यभामाने तो ग्रुप म्यूट करून ठेवला होता. रागाने.

“आज? चाचणी तर उद्या शुक्रवारी होती!”

“फॅक्टरीवाले आजच या म्हणाले.”

कुलूप म्हणजे चिकलठाण्यातल्या या लहानशा कंपनीने बनवलेलं सॉफ्टवेअर. करमाडच्या फॅक्टरीत पत्रा दाबून मोटारींचे भाग काढणारे मोठमोठे प्रेस होते. दुरुस्तीला आत शिरण्याआधी फिटरने प्रेसशेजारच्या टॅबवर आपला नंबर टाकून कुलूप लावायचं. स्क्रीन लाल होणार आणि प्रेस सुरूच होणार नाही. बाहेर आल्यावर त्यानेच कुलूप काढायचं, की स्क्रीन हिरवा.

पण दोघांनी कुलूप लावलं आणि एकाने काढलं, तर दुसऱ्याचंही निघत होतं. हे साऱ्या जगात एकट्या सत्यभामाला ठाऊक होतं.

पंधरा वर्षं ती इथे टेस्टर होती. पोरं महिनोन्महिने प्रोग्राम लिहीत आणि शेवटच्या आठवड्यात तो तिच्या टेबलावर येई. ती चुका काढी, पोरं कपाळाला हात लावीत, आणि मालकांपासून सगळे एकच विचारीत, “मॅडमनी पास केलं का?” या एका प्रश्नावर तिची पंधरा वर्षं मोठ्या थाटात गेली होती.

मग टीमचा प्रमुख म्हणून हा विश्वजीत आला. वय एकतीस. म्हणे, टेस्टिंग हे एकट्या मॅडमचं काम नाही, पहिल्या दिवसापासून सगळ्यांचं आहे. भिंतीवर बोर्ड लागला. रोज सकाळी सगळ्यांनी पंधरा मिनिटं उभं राहून बोलायचं, सापडलेली चूक तिथल्या तिथे चिठ्ठीवर लिहून लावायची. तनुजासारखी कालची पोरगी, तीही दुसऱ्यांचं काम तपासू लागली. सगळ्यांना फॅक्टरीत नेऊन फिटरांशी बोलायला बसवलं. परिणाम असा की गेल्या दोन वेळी सत्यभामाच्या टेबलावर आलेल्या कामात एकही चूक निघाली नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिनेही वाजवल्या. घरी मात्र तिला जेवण गेलं नाही. “बरंय की, डोक्याला ताप नाही,” असं नवरा म्हणाला, तेव्हा ती त्याच्यावरच खेकसली.

त्या फॅक्टरीभेटीत कडुबा नावाचा फिटर चहा पिताना तिला म्हणाला होता, “ताई, आमी कवाबी दोघं आत जातो. येक वरून, येक खालून. येकट्याचं कामच नाय ते.” ते तिच्या डोक्यात राहिलं होतं. मंगळवारी तिने दोन नंबरांनी कुलूप लावून पाहिलं आणि चूक हाती लागली. खरं सांगायचं तर तिला आनंद झाला. फार आनंद झाला. चिठ्ठी तिने बोर्डावर लावली नाही. आपल्या निळ्या वहीत तारीख घालून लिहिली आणि वही पर्समध्ये टाकली. शुक्रवारी सगळ्यांसमोर ती उघडायची, म्हणजे कळेल टेस्टर कशाला लागतो ते. बुधवारी सकाळी विश्वजीतने विचारलं, “कुणाकडे काही?” तर ती म्हणाली, “नाही.”

आणि आज गुरुवारी, ती सासूबाईंचे डोळे दाखवायला गेली असताना, सगळे मशीनपाशी उभे होते.

विश्वजीतचा फोन लागेना. तनुजाचाही नाही. फॅक्टरीच्या गेटवर लावला तर वॉचमन म्हणाला, “फोन समदे हितंच जमा हैत, बाई. आत न्यायची परवानगी नाय.”

“मग आत निरोप द्या! चार नंबरचा प्रेस चालू करू नका म्हणावं!”

“मला गेट सोडता येत नाय. कुनी आलं तर सांगतो.”

तिने स्कूटी काढली. जालना रोडला ट्रकांची रांग होती. विमानतळ गेलं, शेंद्रा गेलं, आणि तिच्या तोंडून सारखं “चालू करू नका, चालू करू नका” एवढंच निघत होतं. कडुबाचा खालचा ओठ चहाने भाजला होता आणि त्याने बशी मागून घेतली होती, हे तिला उगाचच आठवत राहिलं.

गेटवर वॉचमनने तिच्या सँडलकडे बोट दाखवलं. “बूट घातल्याबिगर नाय सोडता येत.”

“अहो, माणूस मरेल आत!”

तो घाबरला, पण बूट घेऊनच आला. दहा नंबरचे, पुरुषी. ते फरफटत ती धावली.

चार नंबरच्या प्रेससमोर टीम अर्धगोलात उभी होती. तनुजाच्या हातात टॅब होता आणि स्क्रीन हिरवा होता. वरून काम करणारा फिटर कारभारी नुकताच बाहेर येऊन कुलूप काढून हात पुसत होता. खालचा खड्डा प्रेसच्या मागच्या अंगाला, समोरून दिसत नव्हता. स्क्रीन हिरवा म्हणजे दोघंही बाहेर, असंच सगळे समजले. शिफ्टचे सुपरवायझर नानासाहेब बटणांपाशी होते.

“थांबा!” ती ओरडली. नेमका त्याच क्षणी शेजारचा प्रेस दणाणला आणि तिचा आवाज तिलासुद्धा ऐकू आला नाही.

नानासाहेबांनी बटणाकडे हात नेला आणि मध्येच पाना उचलला. प्रेस सुरू करण्याआधी त्याच्या अंगावर तीनदा ठोकायचं आणि कान द्यायचा, ही त्या खात्याची जुनी रीत. टॅब आल्यावर तिची गरज उरली नव्हती. हाताची सवय गेली नव्हती. ठण, ठण, ठण.

खालून दोन ठोके आले.

नानासाहेबांचा हात खाली पडला. “कडुबा! आत हैस का रं?”

“मंग कुटं जाऊ?” खड्ड्यातून आवाज आला. “बोल्ट बसायचाय अजून.”

तनुजा हिरव्या स्क्रीनकडे बघत होती. कडुबा ऑइलने माखलेला वर आला. काय झालं ते त्याला सांगताना कारभारीची बोबडी वळली.

“हे आपल्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही,” विश्वजीत कसाबसा म्हणाला. “चूक सगळ्यांची आहे.”

सत्यभामाला लपायला याहून चांगली जागा मिळाली नसती. पण कडुबा तिच्याकडे पाहत होता. चहा पिताना आपण कुणाला काय सांगितलं ते त्याला आठवत होतं. तो बोलला मात्र वेगळंच. “ताई, धापा टाकायलात. पानी प्या आधी.”

तिने पाणी घेतलं नाही. पर्समधून निळी वही काढली आणि ते पान विश्वजीतसमोर धरलं.

“मंगळवारी सापडलं होतं मला.”

“मंगळवारी?” तनुजा म्हणाली. “काल सकाळी मी तुमच्या शेजारीच उभी होते, मॅडम.”

“शुक्रवारी सांगणार होते.”

का, ते कुणी विचारलं नाही. सगळ्यांना कळलं होतं, आणि तेच तिला सोसवेना.

“शुक्करवारपस्तोर म्या काय आतच बसनार व्हतो का ताई?” कडुबा म्हणाला. तो रागावलेला नव्हता. खरोखरच विचारत होता.

त्या दिवशी टीम तिथेच फिटरांबरोबर बसली. एकाच जेवणाच्या सुट्टीत फिटरांनी कुलपातल्या आणखी तीन उणिवा सांगितल्या, ज्या सत्यभामाच्या वहीतही नव्हत्या. तिने त्या एकेक करून चिठ्ठ्यांवर लिहिल्या. दुरुस्तीनंतर सोमवारी ठरलेल्या फेरचाचणीच्या कागदावर सहीसाठी आठ नावं होती, कडुबाचंही. तिचं पाचवं होतं.

सोमवारी विश्वजीतने विचारलं, “वरून कारभारी. खालून कोण जाईल?”

“मी जाते,” सत्यभामा म्हणाली. या वेळी तिच्या पायांत तिच्या मापाचे बूट होते.

“बाई, तुमचं काम नाय ते,” नानासाहेब म्हणाले. ती हटेना, तेव्हा त्यांनी प्रेसचा मेन स्विच बंद केला, त्याची किल्ली स्वतःच्या खिशात घातली आणि मगच वाट सोडली. कडुबाने आपला पाना तिच्या हातात दिला.

तिने आपला नंबर टाकून कुलूप लावलं आणि ती खड्ड्यात उतरली. आत ऑइलचा वास होता आणि डोक्यावर प्रेसचं काळं पोट. इतक्या वर्षांत ती स्क्रीनसमोर नाही असं कधी झालं नव्हतं. इथून स्क्रीन दिसत नव्हता. वर कारभारी बाहेर पडल्याचा आवाज आला, मग कुणीतरी हळू बोललं, मग काहीच नाही.

“लालच आहे, मॅडम!” तनुजा ओरडली. “लालच आहे!”

तरीही नानासाहेबांनी ठोकलं. ठण, ठण, ठण.

तिने पाना उचलून दोनदा ठोकला. आवाज अगदीच बारीक निघाला. वर पोचला की नाही, कळेना. तिने पाना दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि पुन्हा ठोकला.