नलूच्या पिठाचा डबा

डबा पालथा केला तरी पीठ सुटेना. देवकाबाईनं बुडावर थापट्या मारल्या, तेव्हा आंबूस वासाचा ढेपळा सुपात पडला.

"असंच परत देल्लं ईनबाईनं," तानबा म्हणाला. "म्हणे, तुमच्या डोंग्यातलं पीठ बाळंतिणीले कसं चारू?"

"मंग काय चुकलं तिचं? तुमच्या डोंग्यात ढोपरभर पाणी, अन् तुम्ही बिडी ओढत बसले असान."

"बिडी पेटली तं पाह्यजे या पाण्यात."

नलू त्यांची एकुलती लेक. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण एकोणऐंशीच्या त्या पावसाळ्यात वर्धा नदी फुगली आणि पोर दिवस भरायच्या आधीच पलीकडच्या काठावर, सासरी बाळंत झाली. लेकीला आणता आलं नाही. निदान माहेरची भाकर तिच्या पोटात जावी, एवढंच देवकाबाईच्या हाती उरलं होतं. पूर हटेना म्हणून भरलेला डबा काठावरच अडकून पडला आणि उशिरानं तानबाच्या होडीतून, त्या डोंग्यातून, पलीकडे विहिणीकडे गेला.

तिनं ढेपळा फोडला. बुडाकडचं पीठ बरं होतं. बुरशी धरली होती ती वर, कडुलिंबाच्या पानांभोवती. अळी पडू नये म्हणून पानं तिनंच घातली होती. घरातली वाळलेली संपली, म्हणून भर पावसात हिरवा डहाळा तोडला, पदरानं पुसला आणि झाकण घट्ट बसवलं. नदीचं पाणी आत गेलंच नव्हतं. ओल तिनं आपल्या हातानं कोंडली होती.

तिनं काळं पडलेलं पान तानबापुढे धरलं. "डोंग्याचं नाई. माह्यं चुकलं."

तानबानं पान बघितलं, बाजूला ठेवलं. "मी सांगतो ईनबाईले, डोंगाच गळका हाये. तुहं नाव कायले?"

"काई सांगू नका. दुसरं नेऊ. मीच येईन संगं."

दाणे वाळवायला ऊन कुठलं पडायला! तिनं रोहण्याच्या बाजारातली ज्वारी कढईत मंद आचेवर फिरवली. भाजू दिली नाही, नुसती शेकली, दाताखाली टचकन फुटेपर्यंत. दळलेलं पीठही लगेच झाकलं नाही. गरम पीठ झाकणाखाली घामेजतं. चुलीशेजारी कापडावर पसरून निवू दिलं, मग भरलं. डोंग्याच्या तळाशी कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा थर, त्यावर पाट, पाटावर डबा. मिठाची पुरचुंडी मुद्दाम दुसऱ्या टोकाला, कारण मीठ ओल ओढतं.

नदीच्या मध्यावर पावसानं गाठलं. मेणकापड एकच होतं. तिनं ते डब्याभोवती गुंडाळलं, वरून ओणवी झाली आणि एका हातानं टमरेल घेऊन डोंग्यातलं पाणी उपसत राहिली.

"डबा काय नातू हाये तुहा? पोटाशी धरून बसली."

"नातवाचंच दूध हाये त्यात. तुम्ही वल्हं मारा."

पलीकडे विहीण रुख्माबाईनं ओसरीवर डबा उघडला. कोपरापर्यंत हात घातला, तळातली मूठ वर काढली. पीठ बोटांतून सळसळत खाली गेलं.

"कोरडं हाये," ती म्हणाली. मग आवाज उतरवून, "मांगच्या टायमाले मी लय बोलली, ईनबाई. तुमच्या डोंग्याले..."

"डोंग्याचं काई नव्हतं. ओले पानं मीच घातले होते."

रुख्माबाईनं डब्याचं झाकण लावलं. मग उठली. "लुगडं देतो, बदला. अशा ओलीनं बाळंतिणीजवळ कशा जासान?"

तेवढ्यात काठावरून तानबाची हाक आली. "नलूची माय, पाणी चढून राह्यलं."

चढत्या पाण्यात डोंगा एकट्याच्यानं परत जाणारा नव्हता. एकानं वल्हवायचं, एकानं उपसायचं.

"राहू द्या लुगडं," देवकाबाई म्हणाली. "पूर उतरला का येईन."

ती घराला वळसा घालून बाळंतिणीच्या खोलीच्या मागच्या झरोक्याशी गेली.

"नलू."

"माय? आत ये ना."

"ओली हाये व मी. भाकर ऊन ऊन खाजो. दूध येईन."

आत बाज करकरली. थोड्या वेळानं झरोक्यात एक गाठोडं आलं. त्यात मुठीएवढं तोंड, मिटलेले डोळे. देवकाबाईचा हात आपसूक वर गेला. कोपरावरून पाणी निथळत होतं. तिनं हात मागे घेतला, दुसराही घेतला, पाठीमागे दोन्ही एकमेकांत धरले आणि तानबाची दुसरी हाक येईपर्यंत बघत उभी राहिली.